जुन्या पाटीच्या अक्षरांना आला भाव

आमच्या कापडाच्या दुकानावर वडिलांनी १९६८ साली एक पाटी लावली होती. पत्र्यावर हिरवी जमीन, त्यावर पिवळी अक्षरे आणि अक्षरांच्या उजव्या अंगाला लाल सावली. वर उर्दूत, मध्ये मराठीत आणि खाली इंग्रजीत दुकानाचे नाव. गावातल्याच एका पेंटरने ती दुकानासमोर बाकड्यावर ठेवून चार दिवसांत रंगवली होती, असे वडील सांगत. पुढे बाजारात फ्लेक्सचे बोर्ड आले. आजूबाजूच्या सगळ्या दुकानांवर फोटोवाले चकचकीत बोर्ड लागले, तेव्हा २००४ साली आम्हीही पाटी उतरवली आणि भंगारवाल्याला वजनावर देऊन टाकली. नेमके किती रुपये आले ते आठवत नाही, पण शंभराच्या आतच होते.

काही दिवसांपूर्वी पुतण्याने तयार कुर्त्यांचा धंदा सुरू केला. खोक्यासाठी आणि लेबलसाठी त्याने एका डिझायनर मुलीकडून नाव लिहून घेतले. तिने संगणकावर जो नमुना दाखवला तो पाहून मी गप्पच झालो. तीच जाड अक्षरे, तीच उजवीकडची सावली, अक्षराच्या पोटात तीच पांढरी चमक. मुलगी म्हणाली, "काका, ही रेट्रो स्टाईल आहे. सध्या फार चालते. फॉन्टचे लायसन्स तेवढे घ्यावे लागेल, साडेचार हजार रुपये." जी वस्तू आम्ही किलोवर विकली तिचीच नक्कल आता पैसे मोजून घ्यायची वेळ आली होती. तेव्हापासून मी या विषयाची चौकशी सुरू केली. जे कळले ते व्यापारी बांधवांच्या आणि विशेषतः हाताने काम करणाऱ्या कारागिरांच्या उपयोगाचे आहे, म्हणून येथे मांडत आहे.

मापाने शिवलेले आणि रेडिमेड

पेंटर पाटीवर जे काढतो त्याला या धंद्यात लेटरिंग म्हणतात. संगणकात जी अक्षरे भरलेली असतात तो फॉन्ट. दोन्ही दिसायला सारखी असली तरी माल वेगळा आहे. लेटरिंग एका नावासाठी आणि एका पाटीसाठी असते. नाव लांब असेल तर पेंटर अक्षर अरुंद करतो, जागा उरली तर शेवटच्या अक्षराची शेपटी पूर्ण नावाखालून फिरवतो. एकाच नावात 'र' दोनदा आला तर दोन्ही 'र' तंतोतंत सारखे नसतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर एकदाच तयार होते आणि ते कोणत्याही अक्षराशेजारी बसावे लागते. आपल्या भाषेत सांगायचे तर लेटरिंग म्हणजे मापाने शिवलेली शेरवानी आणि फॉन्ट म्हणजे रेडिमेड. रेडिमेड स्वस्त पडते, कारण पॅटर्न एकदा बेतला की त्यावर हजार नग निघतात.

आज ज्याला रेट्रो म्हणतात ती अक्षरे मुख्यतः १९४० ते १९६५ या काळातली आहेत. अमेरिकेत त्या वेळी मोटारींवरची क्रोमची नावे, हॉटेलांच्या निऑन पाट्या, सिनेमाची पोस्टरे आणि थंड पेयांच्या जाहिराती हातानेच लिहिलेल्या असत. याचे कारण शौक नव्हते. छापखान्यात शिशाचे खिळे होते, आणि खिळा हा चौकोनी तुकडा असतो. त्यावरचे अक्षर शेजारच्या अक्षरात गुंफता येत नाही, कमानीत वाकवता येत नाही, आणि मोठ्या आकाराचे खिळे ठेवणे महाग पडते. म्हणून जाहिरातवाले ब्रशवाल्याकडे जात. पुढे फोटोच्या तंत्राने अक्षरे जुळू लागली तेव्हा हे काम कमी झाले, आणि १९८० नंतर संगणक आला तसे जवळजवळ बंदच पडले. काही वर्षे सगळीकडे एकाच साच्याची साधी अक्षरे दिसू लागली. गिऱ्हाईक त्याला कंटाळले आणि १९९० नंतर जुन्या हाताच्या अक्षरांवरून फॉन्ट बनवण्याचा धंदा उभा राहिला.

अक्कलवान कारागिरांनी रेडिमेडमधली उणीवही बरीच भरून काढली. १९९६ साली मायक्रोसॉफ्ट आणि अडोबी या कंपन्यांनी 'ओपनटाइप' ही पद्धत जाहीर केली. तिच्यात एका अक्षराची अनेक रूपे एकाच फॉन्टमध्ये ठेवता येतात. फॉन्ट तसा बनवलेला असेल तर तेच अक्षर दुसऱ्यांदा आले की संगणक आपोआप दुसरे रूप बसवतो आणि पाहणाऱ्याला हाताने लिहिल्याचा भास होतो. सावली, चमक आणि मूळ अक्षर यांच्या वेगवेगळ्या फाईलीही मिळतात. एकावर एक ठेवून प्रत्येकीला वेगळा रंग देता येतो. ब्लॉक प्रिंटिंगमध्ये आपण रेख आणि गद यांचे ठसे वेगळे ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

न्यूयॉर्कच्या बस स्टँडवरील अक्षरे

न्यूयॉर्कमध्ये १९३६ साली सुरू झालेली 'फोटो-लेटरिंग' नावाची एक पेढी होती. तिच्याकडे उस्ताद लोकांनी काढलेल्या हजारो प्रकारच्या अक्षरांचा साठा होता. जाहिरात कंपनीने शब्द सांगायचा, पेढीने तो हव्या त्या अक्षरात फोटोच्या तंत्राने जुळवून पाठवायचा. संगणकापुढे ही पेढी टिकली नाही. तिचा जुना साठा २००३ साली 'हाऊस इंडस्ट्रीज' या अमेरिकन फॉन्ट कंपनीने विकत घेतला आणि त्यातून नवे फॉन्ट काढले. एड बेंगिएट हे त्या जुन्या पेढीतले नामवंत अक्षरकार. त्यांच्या हाताच्या अक्षरांवरूनही या कंपनीने फॉन्ट काढले, त्यांच्याच नावाने आणि त्यांच्या हयातीत. बेंगिएट २०२० साली वारले. दुसऱ्याच्या गोदामातला जुना माल ओळखून उचलणारा व्यापारी कसा असतो ते हाऊस इंडस्ट्रीजकडून शिकावे.

याहून मोठा किस्सा 'गॉथम' या फॉन्टचा आहे. न्यूयॉर्कच्या आठव्या ॲव्हेन्यूवर पोर्ट ऑथॉरिटीचे बस स्टँड आहे. त्याच्या दर्शनी भिंतीवर धातूची साधी, सरळ, रुंद अक्षरे आहेत. टोबायस फ्रेअर-जोन्स या फॉन्टकाराचे त्या अक्षरांकडे लक्ष गेले. शहरातल्या जुन्या इमारतींवरची अशीच अक्षरे त्यांनी हिंडून हिंडून टिपली आणि २००० साली एका मासिकासाठी गॉथम तयार केला. २००८ साली बराक ओबामांच्या निवडणूक प्रचारात तो वापरला गेला आणि जगभर माहीत झाला. भिंतीवर मूळ अक्षरे बसवणाऱ्यांची नावे मात्र कोणी विचारली नाहीत.

गॉथमची पुढची हकीगत भागीदारीत धंदा करणाऱ्या आपल्या लोकांनी लक्ष देऊन वाचावी. फ्रेअर-जोन्स आणि जोनाथन हेफ्लर या दोघांच्या नावाने ही फॉन्ट कंपनी चालत होती. जानेवारी २०१४ मध्ये फ्रेअर-जोन्स यांनी कोर्टात दावा लावला. निम्म्या मालकीचा शब्द आपल्याला दिला होता आणि त्या भरवशावर आपण आपले फॉन्ट कंपनीला दिले, पण मालकी मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे होते. समोरच्या बाजूचे म्हणणे असे की ते कंपनीचे नोकर होते. त्याच वर्षी आपसांत तडजोड झाली, तिच्या अटी जाहीर झाल्या नाहीत. आपल्याकडे सूत, रंग आणि मागाच्या भागीदाऱ्या अशाच तोंडी शब्दावर चालतात. शब्द खरा होता की नव्हता हे तिसऱ्या माणसाला कधीच कळत नाही.

पेंटरचा हिस्सा

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्याकडे हाताच्या अक्षरांचा धंदा अमेरिकेपेक्षा पुष्कळ जास्त टिकला. ट्रक, रिक्षा, खानावळी, सलून, दवाखाने, सगळीकडे पेंटरच लागायचा. त्यात आपल्या समाजातले कारागीर पुष्कळ होते. खडूची दोरी ताणून रेघ पाडायची, पेन्सिलीने अक्षर मांडायचे, हाताखाली काठीचा आधार घेऊन ब्रश एका दमात ओढायचा, हे शिकायला उस्तादाकडे काही वर्षे रंगाचे डबे धुवावे लागत. फ्लेक्स आणि व्हिनाईल कापणारे यंत्र आले आणि दहा-पंधरा वर्षांत हा हुनर कोपऱ्यात गेला. आम्ही व्यापाऱ्यांनीच तो घालवला, हे मान्य करायला हवे. फ्लेक्स फुटावर स्वस्त मिळत होता, पण दोन पावसाळ्यांत त्याचा रंग उडतो हे आमच्या हिशेबात धरलेच गेले नाही.

या कारागिरांसाठी ज्याने काही ठोस केले तो माणूस म्हणजे हनीफ कुरेशी. भावनगरजवळच्या तळाजा या गावचा. लहानपणापासून पाट्या रंगवणाऱ्यांचा नाद. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात कलेचे शिक्षण घेऊन तो दिल्लीत जाहिरात क्षेत्रात गेला. तेथे त्याने 'हँडपेंटेड टाइप' नावाचा उपक्रम काढला. गल्लीतल्या पेंटरला गाठायचे, त्याच्या खास वळणाची सगळी इंग्रजी अक्षरे आणि आकडे रंगवून घ्यायचे, ते संगणकात उतरवून फॉन्ट करायचा आणि फॉन्टला त्या पेंटरचेच नाव द्यायचे. 'पेंटर कफील' हा त्यातला एक गाजलेला फॉन्ट. विक्रीतला निम्मा पैसा पेंटरला द्यायचा, अशी त्याची रीत होती. पुढे त्याने साथीदारांबरोबर 'स्टार्ट इंडिया' ही संस्था काढली. मुंबईच्या ससून डॉकमध्ये २०१७ साली या संस्थेने भरवलेले प्रदर्शन पुष्कळ वाचकांनी पाहिले असेल. सप्टेंबर २०२४ मध्ये हनीफ कुरेशी वारले, तेव्हा त्यांचे वय अवघे ४१ होते.

या एका उपक्रमाने देशभरच्या पेंटरांची चूल पेटली असे म्हणणे खोटे ठरेल. फॉन्ट हा काही रोज विकला जाणारा माल नाही. पण पेंटरचे नाव मालावर आणि पेंटरचा हिस्सा हिशेबात, हा पायंडा त्यांनी घातला. आज पाटीचा मोबाइलवर फोटो काढून त्यावरून फॉन्ट बनवणारे आणि पेंटरला चहासुद्धा न पाजणारे लोक आहेत. त्यांच्याशी तुलना केली म्हणजे या पायंड्याची किंमत कळते.

मराठी आणि उर्दू अक्षरांचे काय?

वर सांगितलेले बहुतेक काम इंग्रजी अक्षरांचे आहे. त्यांत २६ अक्षरे, मोठी आणि लहान मिळून ५२, आणि आकडे काढले की गाडा चालू लागतो. देवनागरीला मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून शेकडो आकार लागतात. म्हणून मराठीत हौशी माणसाचा फॉन्ट अर्ध्यावरच राहतो. आपल्याकडे हुनर मात्र कमी नव्हता. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावे ज्यांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको. नाटक विनोदी आहे की गंभीर, हे नाव वाचायच्या आधी अक्षरावरून कळायचे. ते २०२० साली गेले.

रेट्रो वळणाचे देवनागरी फॉन्ट आता मिळतात, आणि काही तर फुकट मिळतात. 'यात्रा' नावाचा फॉन्ट मुंबईच्या लोकलच्या स्टेशनांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून केला आहे. तो कॅथरीन श्मिट या बाईंनी केला. बोरूचा कोन आणि इनॅमलच्या ब्रशचा फुगवटा दोन्ही त्यात आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींचे 'बालू' आणि 'मोदक' हे जाडजूड फॉन्टही फुकट आहेत. त्यांना जुने म्हणता येणार नाही, पण मिठाई, मुलांचे कपडे अशा मालाला शोभतात. गुजराती गिऱ्हाईक असणाऱ्यांसाठी जॉनी पिनहॉर्न यांचा 'श्रीखंड' आहे. गुजरात आणि मुंबईतल्या रंगीत पाट्या पाहून त्यांना तो सुचला.

मी उर्दू शाळेत शिकलो. तख्तीला मुलतानी माती लावून वाळवायची आणि बरूच्या कलमाने अलिफ ओढायचा. कलमाचा कत चुकला तर उस्ताद कलमच मोडून टाकत. त्यामुळे नस्तालीकची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. नस्तालीकमध्ये अक्षरे तिरपी, एकमेकांवर चढत जातात. ती खिळ्यात नीट बसेनात, म्हणून उर्दू वर्तमानपत्रे कातिबांच्या हातानेच निघत. १९८१ साली पाकिस्तानातले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी मोनोटाइप कंपनीबरोबर 'नूरी नस्तालीक' तयार केला. त्यासाठी त्यांनी अक्षरांचे हजारो जोड स्वतःच्या हाताने लिहिले आणि वडील नूर अहमद यांचे नाव त्याला दिले. १९९४ साली दिल्लीच्या एका कंपनीने 'इनपेज' काढले आणि नस्तालीक आपल्याकडच्या डीटीपीवाल्याच्या टेबलावर आला. कातिबांची रोजी गेली, हे दुःख खरे आहे. पण यंत्रात जे अक्षर गेले ते एका खुशनवीसाचे होते, परक्याने अंदाजाने काढलेले नव्हते. म्हणूनच ते आजही डोळ्याला टोचत नाही. आमच्या पाट्या रंगवणारे अशा वेळी यंत्राशेजारी बसले नाहीत, किंवा त्यांना कोणी बसवले नाही.

पैसे देण्याआधी

फॉन्ट विकत घेणे म्हणजे कापडाचा तागा विकत घेणे नव्हे. येथे मिळतो तो वापरण्याचा परवाना. छपाईचा परवाना वेगळा, वेबसाइटचा वेगळा, मोबाइल ॲपचा वेगळा, असे अनेक कंपन्या करतात. परवाना डिझायनरच्या नावावर आहे की तुमच्या दुकानाच्या, हे आधी विचारा आणि बिल आपल्या नावाचे घ्या. गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे पुष्कळदा चोरीचे फॉन्ट असतात. माझ्या ओळखीच्या एका तयार कपडेवाल्याला परदेशी खरेदीदाराने खोक्यावरच्या फॉन्टचा परवाना मागितला. तो नव्हता. छापून आलेली सगळी खोकी बाजूला ठेवावी लागली आणि माल तीन आठवडे उशिरा निघाला.

ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी 'ओपन फॉन्ट लायसन्स' असलेले फॉन्ट घ्यावेत. वर सांगितलेले यात्रा, बालू, मोदक आणि श्रीखंड हे सगळे त्यातलेच. खोके, लेबल, पाटी, पिशवी, कशावरही छापा, कोणी पैसे मागणार नाही. फक्त नुसती फॉन्टची फाईल विकता येत नाही.

कायद्याची बाजू कारागिरांसाठी जरा नरम आहे. अमेरिकेत अक्षराच्या नुसत्या आकाराला कॉपीराइट मिळत नाही, फॉन्टच्या संगणकीय फाईलला मिळतो. आपल्याकडेही २००२ साली कॉपीराइट बोर्डाने 'आनंद एक्सपांडेड इटॅलिक्स' या टाइपच्या प्रकरणात नोंदणी नाकारली. २००० च्या डिझाइन कायद्याखालील वर्गवारीत टाइपफेससाठी १८-०३ हा वर्ग आहे. त्या कायद्यात १० वर्षे आणि पुढे ५ वर्षे संरक्षण मिळते, पण डिझाइन नवीन हवे आणि आधी प्रसिद्ध झालेले नको. चाळीस वर्षे भर बाजारात टांगलेल्या पाटीला ते कुठून मिळणार? म्हणून पेंटरने अक्षरे कोणाला देताना हिश्शाचा कागद करून घ्यावा. कायदा आपणहून काही देईल या आशेवर बसू नये.

दुकानदाराची स्थिती त्या मानाने बरी आहे. आपल्या नावाचे लेटरिंग ट्रेडमार्क म्हणून जसेच्या तसे नोंदवता येते. एकट्या मालकाला किंवा लहान उद्योगाला २०१७ च्या नियमांप्रमाणे ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये ठेवली आहे आणि नोंदणी दर १० वर्षांनी पुढे चालू ठेवता येते. आम्ही पाटी भंगारात घालण्याआधी तिचा एक नीट फोटो काढला असता आणि ही फी भरली असती, तर ते अक्षर आज आमच्या नावावर असते. ज्यांच्या दुकानावर अजून जुनी पाटी आहे त्यांनी ती उतरवण्याआधी दिवसाच्या उजेडात समोरून फोटो घ्यावा. जुन्या गासड्यांवरचे छापे, ताग्यांवरचे टिके, बिलबुकावरचे ब्लॉक हेही सांभाळावेत. त्यांतही तीच अक्षरे आहेत.

पुतण्याने साडेचार हजारांचा फॉन्ट घेतला नाही. आम्ही आमच्या पाटीच्या पेंटरचे घर शोधून काढले. पेंटर आता हयात नाहीत. मुलगा गाड्यांच्या नंबर प्लेटा आणि व्हिनाईलचे काम करतो. त्याने आतून वडिलांची वही आणली. कापडाच्या पुठ्ठ्याची, रंगाच्या बोटांचे डाग पडलेली. तिच्यात तीन वळणांची बाराखडी, इंग्रजी अक्षरे, आकडे आणि आमच्या पाटीचा पेन्सिलीने काढलेला कच्चा आराखडा होता, अगदी उजवीकडच्या सावलीसकट. आम्ही स्टॅम्प पेपरवर लिहून दिले: फॉन्टला त्यांच्या वडिलांचे नाव, विक्रीचा निम्मा हिस्सा त्यांना, आणि आमच्या दुकानाचे नाव आमच्याकडे. डिझायनर मुलीने कामाला सुरुवात केली आहे. जोडाक्षरांची पाने मात्र वहीत नाहीत. मुलगा ती आता वडिलांच्या वळणावरून स्वतः काढतो आहे. 'क्ष' त्याला अजून जमलेला नाही. गेल्या जुम्म्याला भेटला तेव्हा म्हणाला, अब्बांचा ब्रश कुठेतरी ठेवलेला आहे, तो सापडला तर बघतो.